ठमीची पाठ आणि आमचा पडवीतला दवाखाना

कुत्र्याने पकडलेली कोंबडी वाचते का, तर वाचते. आमची वाचली. पण पिसं बाजूला करून पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला स्वतःलाच कसंतरी झालं, मानेच्या खालपासून पार शेपटीपर्यंत कातडी फाटून एका बाजूला लोंबत होती, आतलं लालजांभळं मांस चकचकीत दिसत होतं आणि त्यावर माती, पाचोळा, लाकडाचा भुसा. आणि एवढं होऊन ही बया उभी! लाकडांच्या खोपीत मागे जाऊन तोंड भिंतीकडे करून उभी होती, आवाज नाही काही नाही. तुरा मात्र पांढराफटक पडलेला.

आम्ही रत्नागिरीजवळ गावात राहतो, मागच्या दारी चिऱ्यांचा गडगा आहे, तो पावसात एका ठिकाणी ढासळला होता आणि तिथूनच कुत्रा आत आला. कोंबड्या मोजक्याच, सगळ्या गावठी, आणि एक कोंबडा. त्यातली ठमी लेकीने पिल्लू असल्यापासून हातावर वाढवलेली, म्हणजे हाक मारली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येणारी. त्यामुळे शेजारचे तात्या गडग्यावरून बघून "वहिनी, हिचं काय खरं नाही, कापून टाका" म्हणाले तेव्हा लेकीने जे भोकाड पसरलं ते विचारू नका. पण खरं सांगू का, ठमीला वाचवलं श्रावणाने. आमच्याकडे श्रावणात मटण-मच्छी सगळं बंद, कापून खाणार कोण? हेच गटारीच्या आधी झालं असतं तर घरात माझ्या बाजूने एक मत तरी पडलं असतं का मला शंका आहे.

तर पहिली गोष्ट, जखमेला लगेच हात लावला नाही. रक्त फार येत नव्हतं, एका कडेने झिरपत होतं तिथे स्वच्छ सुती कापड थोडा वेळ दाबून धरलं तर थांबलं. मग तिला नवऱ्याच्या जुन्या लुंगीत सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि खोकं पडवीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. कोंबडीचं डोकं झाकलं की ती लगेच शांत होते, हे सासूबाईंना माहीत होतं, मला नव्हतं. कुत्र्याने धरलेली कोंबडी बऱ्याचदा जखमेने नाही तर धक्क्याने मरते, म्हणून आधी ऊब, अंधार आणि शांतता. कोंबडीच्या अंगाचं तापमानच 41-42 डिग्री असतं, आपल्याला नुसतं गार वाटतं तिथे ती जखमी असताना गारठते. बल्ब लावायचा म्हटलं तर श्रावणातली आमची लाईट, आली तर आली. शेवटी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली, एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर तिला सरकता येतं.

मग डॉक्टरांना फोन. आमच्या इथल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर, दिवसभर गायी-म्हशींच्या मागे असतात, मला वाटलं कोंबडीचं ऐकून हसतील. हसले नाहीत. उलट पटापट प्रश्न विचारले. पोट फाटलंय का, आतडं दिसतंय का? नाही. जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येतायत का? हा प्रश्न मला कळलाच नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं की पक्ष्यांना फुप्फुसांशिवाय अंगात हवेच्या पिशव्या असतात, पाठीला बरगडीजवळ दात खोल गेला तर ती पिशवी फुटते आणि जखमेतून हवा यायला लागते, तसं असेल तर घरी काही करू नका, घेऊन या. जाऊन टॉर्च लावून नीट बघितलं, बुडबुडे नव्हते. पंख दोन्ही सारखे, पाय व्यवस्थित. मग म्हणाले, "ताई, दिसतं तेवढं वाईट नसतं हे, कोंबडीची कातडी पातळ असते, कागदासारखी फाटते, पण भरूनही छान येते. स्वच्छ ठेवलंत तर होईल."

टाके घाला ना, म्हटलं. नाही म्हणाले. कुत्र्याच्या दाताची जखम म्हणजे घाण आत गेलेलीच, वरून शिवली की ती घाण आत कोंडते. उघडी ठेवायची, आतून भरत बाहेर येऊ द्यायची. हे पटायला मला वेळ लागला, कारण लोंबणारी कातडी बघून कोणालाही वाटतं की ती जागेवर बसवून टाका मारला की झालं.

आणि हातमोजे घाला हे दोनदा बजावलं. कोंबडीला रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग, पण कुत्र्याची ताजी लाळ जखमेत असते आणि आपल्या हाताला कुठे कापलेलं असलं तर उगाच भानगड. नारळ सोलून, विळीवर बसून आमच्या हाताला कायम काहीतरी लागलेलंच असतं. कुत्रा वाडीतलाच, त्याला लस दिलेली आहे हे नंतर कळलं, पण तेव्हा माहीत नव्हतं.

नवरा मेडिकलमधून सामान घेऊन आला. नॉर्मल सलाईनची 500 मिलीची बाटली, 20 मिलीच्या सिरिंज बिनसुईच्या, बीटाडीन, गॉज, हातमोजे, इलेक्ट्रॉल. शिवाय दुकानदाराने सुचवलं म्हणून माणसांचं एक दुखणं बधिर करणारं मलम. ते मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावलं नाही आणि बरंच झालं, कारण त्यात लिग्नोकेन होतं, आणि असली बधिर करणारी औषधं पक्ष्यांना फार पटकन बाधतात. तसंच घरातली दुखण्याची गोळी अर्धी करून देऊ का हा नवऱ्याचा प्रश्न. डायक्लोफेनॅक तर अजिबातच नको. ते पक्ष्यांच्या किडनीवर बसतं, गिधाडं त्यानेच संपली, त्यापायी 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडांसाठी आपल्याकडे म्हसळ्याच्या चिरगावला एवढी खटपट करतात आणि आपण तीच गोळी घरच्या कोंबडीला द्यायची! डॉक्टरांनी दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम आणि एक अँटिबायोटिक लिहून दिलं, दोन्ही वजनावर, म्हणून आधी तिचं वजन विचारलं. बॅगा तोलायचा लटकता काटा होता, पिशवीत घालून तोलली, दीड किलोच्या थोडी वर. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही, तो तुमच्या कोंबडीचं वजन आणि जखम बघून डॉक्टरच ठरवणार.

धुणं. सगळं काम खरं तर धुण्यातच आहे, औषध नंतर. आणि हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण बघवत नाही. आमची पद्धत अशी बसली: नवरा पडवीच्या पायरीवर मांडीत टॉवेल घेऊन बसायचा, ठमी टॉवेलमध्ये, डोकं झाकलेलं, पाठ उघडी. तिला उताणी करायची नाही आणि छाती आवळून धरायची नाही, पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच श्वास आत-बाहेर जातो, घट्ट धरलं की जीव गुदमरतो. पहिल्याच दिवशी नवऱ्याने प्रेमाने असं कवटाळलं होतं की ती चोच वासून धापा टाकायला लागली.

आधी जखमेभोवतीची पिसं कापली. उपटायची नाहीत, फाटलेल्या कातडीजवळचं पीस ओढलं की कातडी अजून फाटते. सलाईनने पिसं भिजवून घेतली की कापलेले तुकडे कात्रीला चिकटतात, जखमेत पडत नाहीत. मग सलाईनची बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून, सिरिंजमध्ये भरून, जरा जोरात धार मारायची. पहिल्यांदा जे बाहेर आलं ते बघून लेक आत पळाली. सुटलेल्या कातडीखाली एक पोकळ खिसा झाला होता, बोटाचं पहिलं पेर आत जाईल एवढा, आणि वरून सगळं स्वच्छ दिसत असताना त्या खिशातून काळा भुसा, एक पीस आणि फणसाच्या सुक्या पानाचा तुकडा निघाला. तो आत राहिला असता तर वरून लावलेल्या कुठल्याही मलमाचा काय उपयोग होता? म्हणून सांगते, धार खिशाच्या आत गेली पाहिजे, आणि परत येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. आख्खी कोंबडी भिजवायची नाही पण, गारठते.

सलाईन संपलं की घरी केलं, एक लिटर पाणी खळखळ उकळून त्यात 9 ग्रॅम मीठ, झाकून गार करायचं. अंदाजाने मूठभर मीठ टाकायचं नाही, झोंबतं. बीटाडीन पहिल्या एक-दोन धुण्यांना, तेही पाणी घालून फिक्क्या चहाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड आमच्या घरात होतं, ते फसफसतं म्हणून आपल्याला वाटतं काहीतरी काम चाललंय, पण नवीन येणारी पेशीसुद्धा ते जाळतं, रोज वापरायचं नसतं.

आता हळदीबद्दल. सासूबाईंचा जीव हळदीत. "अगो, आम्ही एवढी वर्षं हळद न् खोबरेल लावलं, कोंबड्या काय मेल्या नाहीत." छोट्या ओरखड्याला मीही लावते. पण खोल जखमेत हळद भरली की तिचा घट्ट थर बसतो आणि खाली काय चाललंय ते दिसतच नाही, धुवायला गेलं तर तो थर खरवडावा लागतो. तात्यांनी तर रॉकेल सुचवलं, अळ्या पडू नयेत म्हणून. उघड्या मांसावर रॉकेल! मी नुसती मान हलवली आणि आत आले. डॉक्टरांनी सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम सांगितलं, भाजल्यावर लावतात ते पांढरं, त्याचा पातळ थर आत. जखमेच्या आत औषध, कडेने माशी न बसण्याचा जनावरांचा स्प्रे, ही विभागणी शेवटपर्यंत ठेवली. स्प्रे मारताना डोळे-चोच झाकून.

माश्या हा आमचा खरा शत्रू होता. पावसाळा, शेजारी गोठा, म्हणजे माश्यांना काय तोटा? त्या निळ्या-हिरव्या चमकणाऱ्या माश्यांना उघड्या मांसाचा वास कुठून येतो देव जाणे, त्यांची अंडी 24 तासांच्या आत फुटतात आणि अळ्या मांसात शिरतात. तांदळाच्या कणीसारखी बारीक पांढरी अंडी पिसांच्या बुडाशी चिकटलेली दिसली एका सकाळी, चिमट्याने एकेक काढली, भिंग घेऊन लेकीने मदत केली (पळून जाणारी लेक आता असिस्टंट झाली होती). त्यानंतर खोकं बंद, ठमीला मोठ्या डालग्याखाली ठेवलं, वरून मच्छरदाणी आणि खाली भुसा-गवत काही नाही, जुने टॉवेल, रोज बदलायचे. भुसा जखमेला चिकटतो. टॉवेल धुवायचं काम कोणाकडे आलं असेल ते सांगायला नको.

डालगं पडवीत मुद्दाम अशा जागी ठेवलं की बाकीच्या कोंबड्या तिला दिसतील आणि ती त्यांना. पूर्ण वेगळी कोंडली तर परत सोडल्यावर बाकीच्या तिला परकी समजून मारतात. पण एकत्र मात्र अजिबात नाही, कोंबड्यांना लाल दिसलं की चोच मारायचीच असते. तिची सख्खी बहीण, एकाच अंड्यांच्या घाण्यातली, डालग्याच्या फटीतून चोच घालून नेमकी पाठच शोधत होती. मायेने नाही हां.

खाण्याचं सुरुवातीला अवघड गेलं. पहिल्या दिवशी काहीच नाही, नुसतं पाणी, तेही चोच बुडवून दाखवल्यावर. पाण्यात इलेक्ट्रॉल. चमच्याने घशात ओतायचं नाही, श्वासनळीचं भोक जिभेच्या मागेच असतं, पाणी तिकडे गेलं तर संपलंच. चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती गिळते. शीट हिरवीगार पातळ येत होती, पोटात अन्न नसलं की तशी येते असं कळलं. मग उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दिला तर अशी तुटून पडली! सासूबाई बघतच राहिल्या, "कोंबडीला अंडं घालतेस?" जखम भरायला आणि पिसं यायला प्रोटीन लागतं, पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच. भिजवलेली शेंगदाण्याची पेंड, लेअर फीड म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणि जवळा. आता श्रावणात जवळा घरात काढणार कसा, हा धर्मसंकटाचा प्रश्न. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला, बरणी मागच्या दाराने बाहेर न्यायची, जवळा धुऊन पडवीतच भिजत घालायचा, वाटी वेगळी. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच घालायला लागल्या.

सगळ्यात घाबरले कधी, तर जखमेच्या कडेची कातडी हिरवी दिसली तेव्हा. हिरवी म्हणजे चांगलीच, पोपटी-हिरवी. तात्या लगेच, "सडली." मीही मनातून तेच धरून बसले, फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, वास येतोय का? नाही. गरम लागतंय, सुजलंय? नाही. मग तो मुका मार आहे. आपल्याला मार लागला की काळंनिळं होतं, पक्ष्यांना हिरवं होतं. रक्त साकळून त्याचं विघटन होताना बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं रंगद्रव्य तयार होतं, आपल्या शरीरात ते पुढे बदलून पिवळं होतं, पक्ष्यांच्या शरीरात ते बदलायची सोयच नाही, म्हणून हिरवंच दिसतं. किती कोंबड्या ह्या हिरव्या रंगापायी "सडली" म्हणून कापल्या गेल्या असतील! तसंच पू. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पिवळट कोरडा गोळाच होतो, त्यामुळे वाहत नाही म्हणजे पू नाही असं समजायचं नाही, खिशात असा गोळा झालाय का ते धुताना बघावं लागतं. आमच्याकडे एकदा छोटासा निघाला, चिमट्याने अलगद सुटला, खाली गुलाबी.

लोंबणारी कातडी मात्र जगली नाही. सुरुवातीला मी ती रोज जागेवर बसवत होते, पण कडेपासून ती काळी पडत, सुकत, कडक होत गेली. डॉक्टर म्हणाले ओढू नका, सुटेल तेवढीच सुटू द्या, आणि एक दिवस धुताना वाळलेल्या सालीसारखा तो तुकडा हातात आला. खाली दाणेदार, ओलसर, गर्द गुलाबी मांस भरून आलेलं. जखम कडेने आत सरकत होती, रोज बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून मी रोज एकाच बाजूने, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढत होते, आणि ते फोटो एकापाठोपाठ बघितले की दिसायचं. मोबाइलमध्ये आजही माझ्या लेकीच्या वाढदिवसापेक्षा ठमीच्या पाठीचे फोटो जास्त आहेत. दिवसातून दोनदा असलेलं धुणं मग एकदा झालं, नंतर एक दिवसाआड. ही कमी करायची गोष्टसुद्धा महत्त्वाची, जखम चांगली चालली असताना सारखं उघडून उकरत बसलं की नवीन आलेलं निघतं.

औषधाच्या काळात तिने अंडी बंदच केली होती, मध्येच एक बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्याचं दिलं. ते फेकलं. अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, दुसऱ्या कोंबड्यांनाही घालायची नाहीत. आमच्याकडे उपासामुळे कोणाचं काही अडलं नाही, पण तुम्ही लक्षात ठेवा.

हे सगळ्यांनी घरी करावं असं मी म्हणणार नाही. बुडबुडे, आतडं, लोंबणारा पाय, धुऊनही न जाणारा घाण वास, किंवा ऊब देऊनही डोळे मिटून मान टाकून बसलेली कोंबडी, ह्यातलं काहीही असेल तर सरळ दवाखाना, किंवा 1962 ह्या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइन नंबरला फोन, फिरता दवाखाना असतो त्यांचा. आणि डॉक्टर म्हणाले की आता तिला त्रास देण्यात अर्थ नाही तर ते ऐकायचं. आमचं जमलं कारण घरात माणसं होती. नवरा-बायको दोघं नोकरीवर आणि घर दिवसभर बंद, अशा ठिकाणी ह्या माश्यांच्या दिवसांत जमलं असतं असं मला वाटत नाही.

गणपती येईपर्यंत पाठीवर खपली आणि नवरात्राच्या सुमारास खपलीखालून आलेली पातळ गुलाबी कातडी, कडेने नवीन पिसांचे निळसर काटे. दात लागून मुळापासून गेलेली पिसं आधी आली, मी कात्रीने कापलेली मात्र तशीच खुंटासारखी राहिली, ती पिसं झडायचा मोसम आला की मगच बदलतात. आता अडचण कोंबड्याची. तो पाठीवर चढला की त्याची नखं नेमकी त्या उघड्या कातडीवर. तेव्हा लेकीने मोबाइलवर बघून कोंबडीचं खोगीर शोधून काढलं, असतं खरंच तसं, चौकोनी कापड आणि दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या पंखांखालून. जखम पूर्ण मिटल्याशिवाय घालायचं नाही, हवा कोंडते. नवऱ्याची जुनी जीन्स फाडून मशीनवर शिवलं, मागचा खिसा तसाच ठेवला. पहिल्या दिवशी ठमी उलटी उलटी चालत होती, ते अंगावरून मागे पडेल म्हणून. दुसऱ्या दिवशी सवय झाली आणि कोंबडाच तिला बघून गडग्यावर जाऊन बसला. तात्या रोज संध्याकाळी विचारतात, "काय वहिनी, खिशात काय ठेवलंय आज?"